कार्यकर्त्यांचे प्रश्न : यादी, बूथ, व्हिप आणि ग्रामसभा

पक्षाचं काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच जणांनी सुरुवातीलाच लिहिलं आहे, "मी अमुक पक्षाचा आहे, तरी उत्तर द्याल का?" का नाही देणार? एका झेंड्याखाली उभं राहणारा माणूस निवडणुकीनंतरही गल्लीत दिसतो, लोक त्याला जाब विचारू शकतात. पक्ष कोणताही असो, नियम सगळ्यांना सारखेच आहेत. पत्रलेखकांची आणि पक्षांची नावं आम्ही काढली आहेत.

प्रश्न : महापालिकेची प्रारूप प्रभाग यादी आली तेव्हा आमच्या दोन गल्ल्यांतले बरेच मतदार शेजारच्या प्रभागात गेलेले दिसले. हे सगळे आमच्या पक्षाचे हक्काचे मतदार. आम्ही शंभरावर सह्यांचं निवेदन दिलं, पण अंतिम यादीत काहीच बदललं नाही. आमचं काय चुकलं? — एक बूथप्रमुख

निवेदन दिलंत, हीच चूक. अधिकाऱ्याला निवेदनावर निर्णय देता येत नाही. त्याला एका नावाचा एक अर्ज लागतो.

यादी कशी तयार होते ते आधी पाहा. राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदवत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडली जाते. कोणत्या तारखेची यादी घ्यायची हे राज्य आयोग आधी जाहीर करतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यामुळे दिवाळीत नाव नोंदवलेल्या पोराला विधानसभेचं ओळखपत्र मिळालं तरी महापालिकेला मत देता आलं नाही. कार्यकर्ते नेमके इथे गाफील राहतात. निवडणूक जाहीर झाल्यावर नावनोंदणीचं शिबिर घेतात, तेव्हा ती नावं पुढच्या निवडणुकीच्याच कामाची उरतात.

फोडाफोडीचं काम कागदावर होतं. प्रभाग बनतो २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवरून, आणि विधानसभेची यादी असते यादी भागांची, म्हणजे एकेका मतदान केंद्रापुरत्या तुकड्यांची. दोन्हींच्या हद्दी जुळत नाहीत. एका यादी भागातली काही घरं एका प्रभागात, उरलेली दुसऱ्यात जातात. पत्ता नीट लिहिलेला असेल तर कर्मचारी बरोबर वाटणी करतो. "गावठाण", "मारुती मंदिराजवळ" एवढाच पत्ता असेल तर तो अंदाजानं करतो. तुमच्या दोन गल्ल्या बहुधा अशाच सरकल्या असतील. प्रत्येक वेळी त्यात कुणाचं कारस्थान असतंच असं नाही. मात्र एकाच वस्तीतली सलग नावं उचलली गेली असतील तर तेही कागदावरच दाखवता येतं.

प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेण्याची कारणं तीनच : यादी फोडताना झालेली लेखनिकाची चूक, मतदार चुकीच्या प्रभागात जाणं, आणि विधानसभेच्या यादीत नाव असूनही प्रभाग यादीतून गळणं. नवं नाव घालणं, मयताचं नाव काढणं, वय किंवा नावातला बदल यांतलं काहीही या टप्प्यावर होत नाही. अशा हरकती ढिगानं येतात आणि तशाच निकाली निघतात.

प्रारूप यादी लागली त्याच दिवशी तुमच्या प्रभागाची यादी घ्या आणि शेजारच्या प्रभागांच्याही घ्या. आपलीच यादी घेऊन बसणारे कार्यकर्ते फक्त गळालेली नावं शोधतात. आपल्याकडे चुकून आलेली नावं आणि शेजारी गेलेली नावं त्यांना दिसतच नाहीत. मग प्रभागरचनेच्या अंतिम अधिसूचनेतलं हद्दीचं वर्णन, म्हणजे उत्तरेला कोणता रस्ता, पूर्वेला कोणता नाला, ते समोर ठेवून एकेक घर तपासा. चुकीच्या प्रत्येक नावासमोर चार गोष्टी लिहा : विधानसभेचा यादी भाग क्रमांक, त्यातला अनुक्रमांक, प्रारूप प्रभाग यादीतला अनुक्रमांक आणि घराचा खरा पत्ता. मतदारानं स्वतःसाठी द्यायचा अर्ज वेगळ्या नमुन्यात असतो, दुसऱ्याच्या नावाबद्दलची तक्रार वेगळ्या नमुन्यात. शक्य तिथे मतदाराकडूनच अर्ज द्या, सोबत वीजबिल किंवा घरपट्टीची पावती जोडा. त्याच इमारतीतल्या ज्या मतदाराचं नाव बरोबर प्रभागात आहे, त्याचा अनुक्रमांकही लिहा. एकाच जिन्यावरची दोन घरं दोन प्रभागांत, हे अधिकाऱ्याला एका नजरेत कळतं.

मुदत थोडी असते आणि शेवटच्या दिवशी खिडकीवर रांग लागते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. स्थळपाहणीला कर्मचारी येईल त्या वेळी घरात माणूस असू द्या. दार बंद म्हणून कित्येक अर्ज बाद होतात.

प्रश्न : आमच्या यादीत दुबार नावं पुष्कळ आहेत. विरोधी पक्ष बाहेरून माणसं आणून मतदान करवतो असा आमचा संशय आहे. सगळ्यांविरुद्ध एकगठ्ठा सातव्या नमुन्याचे अर्ज द्यावेत का? — तालुका पदाधिकारी

एकगठ्ठा देऊ नका. नमुना ७ हा नाव वगळण्यासाठी आहे आणि अर्जदार त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो. खाली प्रतिज्ञा असते. ती खोटी ठरली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पक्षाच्या सांगण्यावरून कोऱ्या अर्जांवर सह्या करणाऱ्या कार्यकर्त्यावर हे शेकतं, नेत्यावर नाही. शिवाय सारखं नाव म्हणजे दुबार नव्हे. एकाच पेठेत एकाच नावाचे दोघं, दोघांच्या वडिलांचं नावही तेच, असं सर्रास असतं. फोटो, वय आणि घर तिन्ही ताडून पाहा. खात्री पटलेली नावंच द्या, प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि वेगळा पुरावा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नकार आला तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

हे काम निवडणूक नसलेल्या काळातलं आहे. नावनोंदणीसाठी आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (त्या दिवशी १८ वर्षं पूर्ण झाली का ते पाहण्याच्या) असतात. म्हणून तीन महिन्यांतून एकदा यादी घेऊन बसावं. नव्यासाठी नमुना ६, वगळण्यासाठी ७, दुरुस्ती आणि स्थलांतरासाठी ८. भाडेकरू बदलला की आठवा नमुना भरून घ्यायची सवय ज्या बूथप्रमुखाला आहे, त्याच्या यादीत दुबार नावं फार साचत नाहीत.

निवडणूक तोंडावर असेल तर दुसरा मार्ग. २०२५ पासून राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायला सुरुवात केली. अशा मतदारानं कोणत्या केंद्रावर मतदान करणार ते सांगायचं, आणि ते सांगितलेलं नसेल तर केंद्रावर दुसरीकडे मतदान केलं नसल्याचं हमीपत्र द्यायचं. तुमच्या पोलिंग एजंटनं त्या तारांकित नावांची वेगळी यादी हाताशी ठेवावी आणि केंद्राध्यक्षानं हमीपत्र घेतलं का ते पाहावं.

समोर उभा असलेला माणूस तो मतदार नाहीच अशी खात्री असेल तर त्याच्या ओळखीला आक्षेप घेता येतो. ठरलेली किरकोळ रक्कम भरावी लागते. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो, ओळख पटली तर मतदान करू देतो, नाही पटली तर पोलिसांकडे देतो. बोटाला शाई लागून बटण दाबलं गेल्यावर आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो. म्हणून एजंट म्हणून घसा मोठा असलेला माणूस बसवू नका, घरं ओळखणारा बसवा. आमच्या मते त्या त्या वस्तीतल्या अंगणवाडी, बचत गट, दूध संकलन केंद्र यांच्या निमित्तानं दारोदार फिरलेल्या बायका हे काम पुरुषांपेक्षा चांगलं करतात, आणि पक्ष त्यांना अजून फक्त सभेच्या गर्दीला बोलावतात.

प्रश्न : चार सदस्यांच्या प्रभागात तीन मतं पक्षाला आणि एक अपक्ष मित्राला दिलं तर मत बाद होतं का? — नवमतदार

होत नाही. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र निवडणुका आहेत, फक्त एकाच वेळी होतात. मतपत्रिकांचे रंगही वेगळे : 'अ' पांढरा, 'ब' फिका गुलाबी, 'क' फिका पिवळा, 'ड' फिका निळा. प्रत्येक जागेला एक बटण दाबायचं. एखाद्या जागेला कोणीच नको असेल तर त्या जागेचं 'नोटा' दाबायचं. सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की लांब बीप वाजते. ती वाजेपर्यंत जागा सोडू नका. वयस्कर मतदार एक बटण दाबून निघतात आणि मागची रांग खोळंबते. प्रचारात फक्त चिन्ह न सांगता "चार रंग, चार बटणं" हेही सांगा.

या निवडणुकांत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी, नसतं. म्हणून सकाळचं अभिरूप मतदान, म्हणजे मशीनची चाचणी, महत्त्वाचं. एजंटनं वेळेआधी पोचावं, चाचणीची मतं पुसली गेल्याचं स्वतः पाहावं, कंट्रोल युनिटचा आणि सीलचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा. संध्याकाळी नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. मतमोजणीच्या टेबलावर हेच क्रमांक आणि हीच बेरीज ताडून पाहायची असते.

प्रश्न : आम्ही जीव तोडून निवडून आणलेला नगरसेवक दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर हार घालून घेतोय. मतदारांना त्याला परत बोलावता येतं का? — निष्ठावंत

नगरसेवकाला मतदारांनी परत बोलावण्याची तरतूद महाराष्ट्रात नाही. जो मार्ग आहे तो महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम १९८६ चा. त्यात दोन कारणं चालतात. एक, स्वेच्छेनं पक्ष सोडणं. दोन, पक्षानं दिलेल्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, सभागृहात मतदान करणं किंवा गैरहजर राहणं, आणि पक्षानं ते १५ दिवसांत माफ न करणं. महापालिकेच्या नगरसेवकाचं प्रकरण विभागीय आयुक्तांपुढे जातं, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्याचं जिल्हाधिकाऱ्यांपुढे.

तुमचा राग रास्त आहे. मतं चिन्हावर मागून चिन्हच विकणं ही मतदाराची फसवणूक आहे. पण अनर्हतेची प्रकरणं रागावर चालत नाहीत, आणि बहुतेक वेळा ती व्हिपच्या कागदावर पडतात. निकालानंतर पक्षाच्या निवडून आलेल्या सदस्यांची गटनोंदणी करताना गटनेता कोण हे स्पष्ट नसतं, किंवा मधेच बदललेल्या गटनेत्याची नोंद झालेली नसते. मग ज्यानं व्हिप काढला त्याला अधिकारच नव्हता, असा बचाव पुढे येतो. दुसरी पडझड बजावणीत होते. व्हॉट्सॲपवर पाठवला, फोनवर सांगितलं, एवढ्यावर विसंबू नये.

महापौर, नगरपालिकेतला उपनगराध्यक्ष किंवा विषय समितीची निवड जाहीर झाली की गटनेत्याच्या सहीचा लेखी व्हिप काढा. त्यात सभेची तारीख, विषय, कोणाला मत द्यायचं आणि हजर राहण्याचा आदेश, चारही नेमक्या शब्दांत हवेत. सदस्याच्या हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही आणि वेळ घ्या. तो 'सहलीला' गेला असेल, आणि अशा वेळी तो जातोच, तर घराच्या दारावर दोन साक्षीदारांसमक्ष चिकटवा, पंचनामा करा, रजिस्टर टपालानं पाठवा, स्थानिक दैनिकात जाहीर सूचना द्या. सभेनंतर लगेच इतिवृत्ताची आणि मतदानाच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागा. मतदान हात वर करून झालं असेल तर पीठासीन अधिकाऱ्याच्या नोंदीत नाव आलं पाहिजे, तसा आग्रह सभागृहातच धरा.

व्यासपीठावरच्या हाराचाही उपयोग आहे. पहिल्या कारणासाठी राजीनाम्याचं पत्र असलंच पाहिजे असं नाही, वागण्यावरूनही पक्ष सोडल्याचा निष्कर्ष निघू शकतो. फोटो, निमंत्रणपत्रिका, फलकावरचं नाव, भाषणाची चित्रफीत तारखेसह जपून ठेवा आणि गटनेत्याकडे लेखी द्या. अर्ज गटनेत्यानं करणं सगळ्यात भक्कम. तो करत नसेल तर पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला लेखी विचारा. कित्येकदा पक्षालाच पुढच्या सौद्यासाठी तो माणूस हवा असतो. अशा वेळी निष्ठावंतांनी आपल्या पक्षाला प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही.

ग्रामपंचायतीला मात्र यातलं काही लागू करायला जाऊ नका. तिथे निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते.

प्रश्न : गावात सरपंच दुसऱ्या गटाचा. ग्रामसभा बोलावतात, माणसं नाहीत म्हणून तहकूब करतात आणि मग चार डोकी घेऊन सगळं मंजूर. आम्ही विरोधात असून काय करू शकतो? — ग्रामपंचायत सदस्य

तुम्ही गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, पूर्ण करू शकता. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसं पुरतात. विरोधी गटाला साठ-सत्तर माणसं जमवणं अवघड नसतं, पण ती येत नाहीत, कारण "त्यांची सभा, आपण कशाला?" तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि सगळी चलाखी तिथेच होते. म्हणून पहिल्याच सभेला माणसं आणा. हजेरीवहीवर सही केल्याशिवाय कोणी बसू नये. सभा तहकूब झालीच तर पुढची तारीख आणि वेळ इतिवृत्तात लिहून घ्या आणि मूळ सूचनेत नसलेला विषय घुसवला तर लेखी हरकत द्या.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. नियमित सभेची सूचना सात दिवस आधी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ असतात. ग्रामसभेआधी महिला सभा आणि वॉर्ड सभा घ्यायची असते. ती न घेताच कागदावर दाखवतात, तेव्हा तिचं इतिवृत्त मागा आणि सह्या कोणाच्या आहेत ते पाहा.

सभेत भाषण नको, कागद मागा. पहिला कागद ग्रामपंचायत विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के पैसा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर तो मुद्दा एका वाक्यात संपतो. खर्चाची नोंद ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही दिसते. आधी ती छापून न्या, मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) त्याच कामाचं अंदाजपत्रक, प्रमाणक (व्हाउचर) आणि मोजमाप पुस्तिकेचं पान मागा. पुस्तिकेत गटाराची लांबी शंभर मीटर आणि जागेवर सत्तर भरली, तर टेप घेऊन गावासमोर मोजा. याहून परिणामकारक विरोध आम्हाला माहीत नाही.

अविश्वास ठरावाबद्दलही विचारलं आहेत. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिल्या दोन वर्षांत ठराव आणता येत नाही. नंतर किमान एक-तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, तहसीलदार सात दिवसांत सभा बोलावतात. ठरावाला तीन-चतुर्थांश बहुमत लागतं आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब व्हावं लागतं. सदस्य फोडून सरपंच पाडता येईल या हिशेबात असाल तर हा शेवटचा टप्पा आधी मोजा. गाव तुमच्या बाजूला नसेल तर ठराव आणू नका.

प्रश्न : पुढच्या वेळी ओबीसी महिला जागेवर माझ्या वहिनींना उभं करायचं आहे. कोणते कागद आधीच तयार ठेवावेत? — ग्रामीण भागातला कार्यकर्ता

जातवैधता प्रमाणपत्र सगळ्यात आधी. अर्जासोबत जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पावती चालते, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. मूळ मुदत सहा महिन्यांची, सरकारनं ती अधूनमधून वाढवली आहे. वाढीवर भिस्त ठेवू नका. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही मुदत बंधनकारक ठरवली, उशीर समितीमुळे झाला हे कारणही पुरत नाही. वैधता वडिलांकडच्या नात्यातून सिद्ध होते, त्यामुळे वहिनींच्या माहेरचे जुने दाखले लागतील : वडील, आजोबा, आत्या यांचे शाळा सोडल्याचे दाखले, कोतवाल बुकातली जन्मनोंद. ते शोधायला महिने लागतात. आजच सुरू करा.

मग अपत्यांची अट. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर अपात्रता येते. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलेलं हवं, पावत्या एकत्र ठेवा. शौचालय वापराचा दाखला हवा. आणि घर गायरानात किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत पुढे सरकलेलं नाही ना, ते मोजणीच्या नकाशावर पाहा. अतिक्रमण सासऱ्यांनी केलं, आपण फक्त राहतो, हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात मान्य केला नाही. विरोधी गट निवडणुकीत हरला की पहिला अर्ज याच मुद्द्यावर करतो.

वय २१ पूर्ण हवं, नाव त्याच ग्रामपंचायतीच्या यादीत हवं, सूचक त्याच प्रभागातला हवा. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्या. हरलेल्या उमेदवारानंही द्यायचा असतो. हरल्यावर कोणी जात नाही आणि पुढच्या निवडणुकीत नाव अपात्रांच्या यादीत निघतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. तुमचं पत्र तुमच्या अक्षरातलं, प्रश्नही तुमचे. वहिनींनी ग्रामसभेत कधी प्रश्न विचारला आहे का? उमेदवारीआधीच्या वर्षभरात त्यांना दर सभेला न्या, आराखडा त्यांच्या हातात द्या, बँकेत सही आणि व्यवहार त्यांनाच करू द्या. खुर्चीवर त्या आणि कारभार दिरांचा, असं झालं तर चेकवर सही त्यांची असेल आणि वसुलीची नोटीसही त्यांच्याच नावानं येईल.

प्रश्न : वॉर्डातल्या कामाची फाइल पाहायची आहे. नगरसेवक विरोधी पक्षाचा, तो दाद देत नाही. — एक वाचक

नगरसेवकाची गरज नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासननिर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतो. सार्वजनिक सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष एका चिठ्ठीवर लिहून न्या. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक, एवढी तीन पानं पाहिलीत तरी पुरे. तिथे टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या : एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जात "का" विचारू नका, फक्त कागद मागा. "काम निकृष्ट का झालं?" याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर देता येतं. "अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या" याला तसं उत्तर द्यायचं तर पुस्तिका हरवली हे लिहून द्यावं लागतं.